गिरगाव पायी कसे पाहावे

जुनी मुंबई पाहायला निघालेला माणूस बहुधा आधी फोर्टकडे वळतो, कारण तिथल्या इमारती रस्त्यावर उभे राहूनच पाहता येतात. गिरगावचे तसे नाही. जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरून बसने जाताना दिसतात त्या दुकानांच्या पाट्या, बँका, दवाखाने आणि मधूनच डोके वर काढणारे उंच मनोरे. गिरगाव राहते ते या रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटणाऱ्या वाड्यांमध्ये आणि त्या वाड्यांतल्या चाळींमध्ये. वाडीत वाहनाने शिरता येत नाही, आणि शिरता आले तरी काही दिसत नाही. म्हणून इथे पायी हिंडण्याला पर्याय नाही. या फेरीचा बेत करताना एक गोष्ट मात्र आधीपासून मनाशी पक्की असावी, ती म्हणजे आपण जिथे जात आहोत ती लोकांची राहती घरे आहेत. वेळ कोणती निवडावी, किती जणांनी जावे, कॅमेरा केव्हा काढावा, आवाज किती ठेवावा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीतून मिळतात.

वेळेपासून सुरुवात करू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि त्यातही रविवारची सकाळ. साडेसात-आठला निघाल्यास पदपथ मोकळे असतात, फेरीवाल्यांची मांडामांड झालेली नसते, आणि सुट्टीमुळे मंडळी घरी असल्याने सज्जातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले एखादे आजोबा बोलायला भेटतात. इतर दिवशी त्याच वेळी नळाच्या पाण्याची, डब्यांची आणि शाळेची घाई चालू असते. अशा वेळी जिन्यात उभे राहून छपराची कौले न्याहाळणारा पाहुणा सगळ्यांच्याच वाटेत येतो. दुपारी एक ते चार वाड्यांमध्ये जाऊच नये, कारण ती लोकांची निजेची वेळ आहे. पावसाळ्यात ओली कौले आणि लाकूड सुरेख दिसतात हे खरे, पण बोळ अरुंद आहेत, छत्र्या एकमेकींत अडकतात, आणि जीर्ण सज्जांखाली पावसात थांबणे सुरक्षित नाही.

सहा ते आठ जणांचा गट पुरे. त्याहून मोठा गट खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी अख्खा बोळ अडवून धरतो आणि मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणून सांगणारा आवाज चढवतो आणि मग घरांच्या खिडक्या लागतात. मंडळी जास्त असतील तर दोन गट करावेत आणि त्यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. ध्वनिवर्धक अजिबात वापरू नये. पूर्ण फेरीला खाणेपिणे धरून साडेतीन ते चार तास लागतात. चढण कुठेही नाही, पण फरशा उंचसखल आहेत, त्यामुळे पायांत घट्ट बसणारी सपाट पादत्राणे हवीत. स्वच्छतागृहाची सोय स्थानकावर किंवा न्याहारीच्या ठिकाणी उरकून घ्यावी, कारण वाड्यांमधील संडास रहिवाशांचे असतात.

निघण्यापूर्वी रस्त्यांची जुनी-नवी नावे जुळवून घ्यावीत, नाही तर वाट विचारताना घोटाळा होतो. नकाशात जो जगन्नाथ शंकरशेठ मार्ग आहे त्याला जुनी मंडळी गिरगाव रोड म्हणतात. त्याला साधारण समांतर जाणारा विठ्ठलभाई पटेल मार्ग, म्हणजे रोजच्या बोलण्यातला व्ही. पी. रोड, हा पूर्वीचा गिरगाव बॅक रोड. सरदार वल्लभभाई पटेल मार्ग हा पूर्वीचा सँडहर्स्ट रोड आणि बाबासाहेब जयकर मार्ग म्हणजे ठाकूरद्वार रोड. खाडिलकर रोड विचारला तर काही जण सांगतील, पण कांदेवाडी विचारली तर सगळेच सांगतील. सँडहर्स्ट रोडची कथा तर जाणून घेण्याजोगी आहे: १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, दाट वस्त्यांमध्ये हवा आणि उजेड खेळावा म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने जुन्या वस्त्या कापून जे रुंद रस्ते काढले त्यांपैकी हा एक. गिरगावात अरुंद बोळातून एकदम प्रशस्त रस्त्यावर आलो की त्या साथीची आठवण ठेवावी.

सुरुवात चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेकडून करावी; मेट्रोने येणाऱ्यांना गिरगाव स्थानक सोयीचे पडते. पहिला थांबा केळेवाडीतील मुंबई मराठी साहित्य संघाचा. १९३५ साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे डॉ. अमृत नारायण भालेराव यांची जिद्द होती, आणि संघाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. मराठी रंगभूमी बोलपटांच्या लाटेत गटांगळ्या खात असताना संघाच्या नाट्यमहोत्सवांनी तिला आधार दिला. इथे फार वेळ घालवायचा नाही, पण गटातल्यांना एवढे सांगावे की पुढच्या चार तासांत ज्या चाळी दिसणार आहेत, त्यांतल्याच खोल्यांमधून या नाट्यगृहाला नट मिळाले, लेखक मिळाले आणि तिकीट काढून येणारा जाणता प्रेक्षकही मिळाला.

तिथून मुख्य रस्त्याला लागून दक्षिणेकडे ठाकूरद्वारच्या नाक्यावर यावे आणि आधी न्याहारी करावी. विनय हेल्थ होम या उपाहारगृहातली मिसळ हा गिरगावकरांच्या रविवारचा जुना रिवाज आहे. तिखट न सोसणाऱ्यांना थालीपीठ किंवा साबुदाणा वडा मागवता येतो. आठनंतर जागेसाठी थांबावे लागते, त्यामुळे गट मोठा असल्यास दोघांना पुढे पाठवावे. न्याहारीनंतर फणसवाडीत शिरावे. तिथले व्यंकटेशाचे देवालय दाक्षिणात्य धाटणीचे आहे, आणि कोकणी-मराठी वस्तीच्या मध्यावर ते गोपुर पाहून नवखा माणूस चकित होतो. गिरगावात कोण कोण येऊन राहिले याचा एक पुरावा तिथे दगडात उभा आहे.

चाळ कशी पाहावी

पुढचा भाग या फेरीचा गाभा आहे, आणि त्यासाठी तासभर राखून ठेवावा. ठाकूरद्वारहून पुन्हा उत्तरेकडे येऊन खाडिलकर रोडवर वळावे. 'नवाकाळ' हे वृत्तपत्र १९२३ साली सुरू करणारे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाव या रस्त्याला आहे. याच रस्त्यावर केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे बसला, आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळक स्वतः इथे येऊन गेले. उंच मूर्ती आणि दणदणाटी मिरवणुका यांची सवय झालेल्या डोळ्यांना हे कळावे लागते की इथली मूर्ती आजही लहानच असते आणि गणपती पालखीतून विसर्जनाला निघतो.

चौकात आल्यावर लगेच बोलू लागू नये. दोन मिनिटे नुसते पाहू द्यावे, आणि मग खालून वर या क्रमाने दाखवावे. आधी चाळींच्या मधली मोकळी जागा: मांडव इथेच, लग्नाची पंगत इथेच, क्रिकेट इथेच आणि शेवटची तिरडीही इथूनच निघालेली. मग जिना. लाकडी पायरी मध्यभागी दबलेली असते आणि कडांना मूळ जाडी टिकून असते. त्या दोहोंतला फरक बोटाने चाचपून पाहिला की शंभर वर्षांची ये-जा हाताला कळते. जिन्याखाली विजेच्या मीटरांची रांग, तिच्या शेजारी टपालाच्या पेट्या, आणि पेट्यांवरची आडनावे. ही आडनावे नुसती वाचली तरी रत्नागिरीपासून कारवारपर्यंतची किनारपट्टी ओळीने डोळ्यांपुढे येते.

त्यानंतर सज्जाकडे पाहावे. एका रांगेत खोल्या, त्यांच्या पुढून जाणारा सामायिक सज्जा आणि टोकाला सामायिक संडास-मोरी, एवढीच चाळीची रचना. साधारणतः एक किंवा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सात-आठ माणसे राहत असल्याने घराचा अर्धा संसार सज्जात होई: धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास, आजोबांची झोप, पापड वाळवणे. उंबरठ्याशी रांगोळी, कठड्यावर तुळस, दोरीवर कपडे, हे आजही दिसते. कुठे सज्जा जाळीने बंद करून खोलीत घेतलेला असतो, कुठे जुन्या लाकडी कठड्याच्या जागी लोखंडी गज आलेले असतात. गटातल्यांना हे बदल शोधायला लावावेत. नुसत्या माहितीपेक्षा माणसे अशाने जास्त टवकारून पाहतात.

चाळींची दुरवस्था पाहून पाहुणा हमखास विचारतो की इतक्या मोक्याच्या जागी असूनही या इमारतींची निगा का राखली जात नाही. हा प्रश्न टाळू नये. बहुतेक बिऱ्हाडे पागडीची आहेत, म्हणजे भाडेकरूने एकरकमी पैसे भरून भाडेहक्क घेतलेला आणि मासिक भाडे अगदी थोडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरूंचे छप्पर राहिले, पण दुरुस्तीत पैसा घालण्यात मालकाला रस उरला नाही. पुढे या जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला, आणि 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द गिरगावकरांच्या रोजच्या बोलण्यात आला. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू, इमारत धोकादायक असल्याची पाटी, संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या पर्यायी घरांत, गेलेल्या शेजाऱ्यांची बंद दारे, ही सगळी या कथेचीच पुढची पाने आहेत. इथे बाहेरच्या माणसाने हळहळण्यात थोडे भान ठेवावे. जिना चढताना धाप लागणाऱ्या आजींना लिफ्ट आणि घरातले स्वतंत्र न्हाणीघर हवे असेल, तर त्यात गैर काहीच नाही. आणि चाळ गेली तर शेजार जाईल ही त्यांच्याच मनातली भीतीही तितकीच खरी आहे. मला स्वतःला असे वाटते की पुनर्विकासाचे आराखडे काढणाऱ्याने एक तरी संध्याकाळ अशा सज्जात बसून काढावी.

लोकांशी बोलताना काका, मावशी, आजोबा, आजी असेच म्हणावे, आधी नमस्कार करावा आणि आपण कोण, कशासाठी आलो ते एका वाक्यात सांगावे. 'इथे किती वर्षे राहता?' या प्रश्नाने बोलणे सुरू होते. 'ही जागा विकली तर किती येतील?' या प्रश्नाने ते तिथेच संपते. वरच्या मजल्यावर बोलावल्याशिवाय जाऊ नये. कोणी आत बोलावलेच तर दोघांनीच जावे, चपला बाहेर काढाव्यात आणि चहाला नाही म्हणू नये.

खोताची वाडी

केशवजी नाईकांच्या चाळीतून निघून खोताच्या वाडीत आलो की एकाच गिरगावात दोन गावे आहेत असे वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांनी इथली जमीन घरांसाठी दिली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिथे घरे बांधली. हे ईस्ट इंडियन म्हणजे मूळचे उत्तर कोकणातलेच असलेले ख्रिस्ती. घरात मराठीची बोली, बायकांचे लुगडे, स्वयंपाकात घरी कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला 'बॉटल मसाला'. नाव तेवढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलेले, गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून.

इथे घरे पाहताना चार गोष्टींवर लक्ष ठेवावे: लाकडी सांगाडा, उतरते कौलारू छप्पर, पुढची ओसरी आणि बाहेरून थेट वरच्या मजल्यावर जाणारा जिना. बाहेरच्या जिन्यामुळे वरचा मजला स्वतंत्र राही. भाडेकरू ठेवता येई किंवा दोन भावांचे संसार एकाच घरात पण वेगळ्या दारांनी चालत. खिडक्यांच्या लाकडी झडपा, सज्जाच्या कठड्यावरची जाळीदार नक्षी आणि ओसरीत बसण्यासाठी ठेवलेले बाकडे जवळून पाहावे, पण ओसरीच्या पायरीवर पाय ठेवू नये, कारण तिथूनच घर सुरू होते. वाडीत क्रूस आहे, गिरगाव कॅथलिक क्लब आहे, आणि वळणागणिक बोळाची रुंदी बदलते. एके काळी इथे अशी पासष्टच्या आसपास घरे होती. आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत, आणि उरलेल्यांच्या डोक्यावरून मागचे मनोरे डोकावतात.

छायाचित्रांच्या बाबतीत इथे सर्वांत जास्त जपावे लागते. समाजमाध्यमांवर वाडी गाजल्यापासून रंगीत भिंतींपुढे उभे राहून तास-तास छायाचित्रे काढणाऱ्यांचा रहिवाशांना जाच होतो, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. बोळाचे छायाचित्र घ्यावे, नक्षीचे घ्यावे; उघड्या दारातून घराच्या आतले घेऊ नये, माणसाचे विचारल्याशिवाय तर नाहीच. लग्नाआधीच्या फोटोंसाठी ही जागा निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाडीतून निघून सेंट तेरेसा चर्चकडे, म्हणजे बस वाहकांच्या भाषेतल्या 'गिरगाव चर्च'कडे यावे. या टप्प्यावर जे दिसत नाही ते सांगण्याची जबाबदारी गट नेणाऱ्यावर आहे. सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला, आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा देशातला पहिला बोलपट लागला. कॉरोनेशन आता नाही. मॅजेस्टिकच्या जागी त्याच नावाचे दुकानांचे संकुल आहे. भारतीय चित्रपटाचे मुके बालपण आणि पहिला शब्द या दोन्हींचे साक्षीदार गिरगावचेच प्रेक्षक होते, आणि त्याची ठसठशीत खूण रस्त्यावर असायला हवी होती.

थोडे पुढे प्रार्थना समाज. बसथांब्याचे नाव म्हणूनच ते बहुतेकांना ठाऊक असते. १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिच्यात आले, पुढे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी तिचे प्रचारक म्हणून काम केले. मूर्तीशिवाय उपासना, जातिभेदाला विरोध, विधवांचे पुनर्विवाह, स्त्रियांचे शिक्षण, हे विषय ज्या काळात घराघरांत भांडणे लावत होते त्या काळात ते इथे भर सभेत बोलले गेले. इमारत साधी आहे. बाहेरूनच पाहून पुढे जावे.

रॉयल ऑपेरा हाऊसजवळ पोहोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. राजे पंचम जॉर्ज यांच्या १९११ च्या भारतभेटीत उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहाने बालगंधर्वांचे गाणे ऐकले, नंतर चित्रपट दाखवले, १९९३ मध्ये ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. आतले सज्जे आणि रंगवलेले छत पाहायचे असेल तर एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट काढून संध्याकाळी यावे. फेरीच्या वेळी दर्शनी भागावर समाधान मानावे लागते.

शेवटचा टप्पा चौपाटीचा, आणि तो उन्हात असल्याने टोप्या आणि पाणी जवळ हवे. इथे लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी थांबावे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे सरदारगृह या मुंबईतल्या त्यांच्या मुक्कामाच्या जागी निधन झाल्यावर लोटलेला जनसमुदाय नेहमीच्या स्मशानात मावणारा नव्हता, म्हणून त्यांचे दहन या वाळूत झाले. केशवजी नाईकांच्या चाळीत सकाळी जे ऐकले त्याचा धागा इथे जोडून दाखवावा. चर्नी रोड स्थानक इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे परतीची वेगळी व्यवस्था लागत नाही.

सणाच्या दिवशी यायचे असेल तर बेत वेगळा करावा. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते. त्या दिवशी चाळी दाखवण्याचा आग्रह सोडून सकाळी लवकर एखाद्या कडेच्या पायरीवर जागा धरावी. गणेशोत्सवात निकदवरी लेनमधली 'गिरगावचा राजा'ची भव्य शाडूची मूर्ती पाहण्यासाठी कामाच्या दिवसाची दुपार बरी. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असल्यास फेरीचे दोन भाग करावेत आणि पहिल्या दिवशी खोताच्या वाडीपाशी थांबावे. भुलेश्वर, माधवबाग आणि सी. पी. टँक याच फेरीत कोंबण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या भागाला स्वतंत्र सकाळ द्यावी, आणि तिथे साडेसातच्या आत पोहोचावे, कारण दहानंतर हातगाड्या आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत गट एकत्र राहत नाही.